वेगवान मोटार, खडबडीत रस्ते आणि मोघम कायदा

भारतीय ग्राहक मोटारीच्या वेगासाठी पैसे मोजत नाही, तो फक्त ‘अॅव्हरेज किती देते’ एवढेच विचारतो, हा वाहन उद्योगातील जुना समज २०२५ मध्ये दोनदा खोटा ठरला. त्या वर्षीच्या मे महिन्यात फोक्सवॅगनने ‘गोल्फ जीटीआय’ ही मोटार सुमारे ५३ लाख रुपयांना भारतात आणली. ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ‘ऑक्टाव्हिया आरएस’ सुमारे ५० लाखांना आणली. दोन्ही मोटारी परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेल्या आणि दोन्हींचे इंजिन दोन लिटरचे, २६५ अश्वशक्तीचे. पहिली खेप अनुक्रमे दीडशे आणि शंभर मोटारींची होती. ती हातोहात संपली.

देशातील एकूण मोटारविक्रीच्या तुलनेत हा आकडा नगण्य आहे, हे खरे. तथापि या मोटारींचे स्वरूप पाहिले, तर त्यामागचा बदल लक्षात येतो. रविवारी सकाळी बाहेर काढून दुपारी पुन्हा आच्छादनाखाली ठेवायच्या या दोन आसनी गाड्या नव्हेत. त्यांत पाच माणसे बसतात, सामान मावते, मुलांना शाळेत सोडता येते. म्हणजेच ग्राहकाला शौकाची मोटार आणि रोजच्या वापराची मोटार वेगवेगळी नको आहे. सोमवारी जिने कचेरीला जायचे, तिनेच शनिवारी महाबळेश्वरचा घाट चढायचा, अशी त्याची अपेक्षा आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही छोटी दोन आसनी मोटार किंवा २०१२च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात गाजलेली दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ यांना अशा रोजच्या वापराचा आधार नव्हता. त्यामुळे कौतुक होऊनही त्या मूठभरांपुरत्याच राहिल्या.

हा वर्ग पुढील काळात वाढण्याचीच चिन्हे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. हा दर चढाच आहे. परंतु त्यावरील उपकर गेल्याने एकूण बोजा पूर्वीपेक्षा उतरला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठराविक संख्येच्या मर्यादेत तेथील मोटारींवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. महाराष्ट्राने १ जुलै २०२५ पासून वाहनकराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये केली, ती अशा महागड्या मोटारींची वाढती संख्या डोळ्यांपुढे ठेवूनच. मोटारी येत आहेत आणि त्यांच्यावर कर घेण्याची तयारीही झाली आहे. मात्र त्या ज्या रस्त्यांवर चालणार आहेत त्यांच्याशी जुळवून घेण्यासाठी मालक त्यांत जे फेरबदल करतो, त्यांविषयी आपली व्यवस्था आजही संदिग्ध आहे. प्रश्न वरकरणी श्रीमंतांच्या शौकाचा वाटतो. वस्तुतः तो रस्त्यावरील प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा आणि झोपेचाही आहे.

पहिला महिना आणि पहिला गतिरोधक

वेगवान मोटार विकत घेणाऱ्याला पहिल्या महिन्यात दोन गोष्टींची जाणीव होते. पहिली, गाडीचे पोट रस्त्याला घासते. दुसरी, टायर खड्ड्यात टिकत नाहीत. सर्वसाधारण भारतीय छोटी मोटार जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर उंच असते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही उंची बहुधा अकरा ते तेरा सेंटिमीटरच असते. गुरुत्वमध्य जेवढा खाली तेवढी मोटार वळणावर स्थिर, हे त्यामागचे साधे गणित आहे. युरोपातील गुळगुळीत रस्त्यांवर ते उत्तम जमते.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यायला हवी. गाडी खाली घासण्याचा दोष सर्वस्वी गाडीचा नाही. इंडियन रोड काँग्रेस या रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९८८ मध्ये गतिरोधकाची आदर्श मापे दिली होती. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि माथ्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, अशी ही रचना होती. अशा पसरट गतिरोधकावर मोटारीची पुढची चाके उतरणीला आणि मागची चढणीला असतात, तेव्हा दोन्ही चाकेही काही प्रमाणात उचललेली असतात. दोन चाकांमधील अंतर अडीच ते पावणेतीन मीटर धरले, तर माथा गाडीच्या पोटाखालच्या पोकळीत प्रत्यक्षात साडेचार ते साडेपाच सेंटिमीटरच शिरतो. म्हणजे अकरा सेंटिमीटर उंचीची मोटारही तो बेताच्या वेगात सहज पार करू शकते.

प्रत्यक्षात आपल्या गल्लीबोळांत जे गतिरोधक दिसतात ते या मापाचे नसतात. एका रात्रीत टाकलेला, फूट-दीड फूट रुंदीचा आणि दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा डांबराचा किंवा सिमेंटचा उभा वरवंटाच जणू रस्त्यावर आडवा पडलेला असतो. त्यावर गाडी आली की चारही चाके सपाटीवर आणि पूर्ण उंचीचा वरवंटा पोटाखाली, अशी अवस्था होते. रुग्णवाहिकेतील रुग्णाला, रिक्षातील गर्भवतीला आणि दुचाकीवरील वृद्धाला याचा त्रास स्पोर्ट्स कारच्या मालकापेक्षा कितीतरी अधिक होतो. फरक एवढाच की, मोटारीच्या मालकाला गॅरेजमध्ये जाऊन त्यावर उपाय करून घेणे परवडते. फेरबदलाची गरज ही अशी बऱ्याच अंशी महापालिकेच्या रस्ते खात्याने निर्माण केलेली आहे.

अभिरुची कशाला म्हणावे

गाडी ‘मॉडिफाय’ करणे म्हटले की डोळ्यांपुढे भडक रंग, विमानाच्या शेपटीसारखा पंख आणि गल्ली हादरवणारा सायलेन्सर येतो. या क्षेत्रातील जाणकारांची अभिरुची मात्र याच्या नेमकी उलट आहे. चांगला फेरबदल शेजाऱ्याच्या लक्षात येत नाही, तो चालवणाऱ्याच्या हाताला जाणवतो, हा त्यांचा निकष आहे. मोटार रोज चालवायची असेल, तर पैसे कोठे खर्च करावेत याचा त्यांचा क्रमही ठरलेला असतो. आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि इंजिन सर्वांत शेवटी, किंबहुना नकोच.

टायरचे उदाहरण बोलके आहे. स्पोर्ट्स कारला मोठी रिम आणि तिच्यावर पातळ रबराची पट्टी असावी, अशी फॅशन आहे. खड्ड्यात आदळताना मात्र रिम आणि डांबर यांच्यामध्ये जेवढे रबर आणि हवा असेल तेवढाच बचाव. २२५/४० आर १८ या मापाच्या टायरची बाजूची भिंत ९० मिलिमीटर उंच असते. त्याऐवजी एक इंच लहान रिमवर २२५/४५ आर १७ हा टायर बसवला, तर ही भिंत १०१ मिलिमीटर होते. चाकाचा एकूण व्यास जेमतेम तीन मिलिमीटरने कमी होतो. त्यामुळे वेगदर्शक काटा खोटे बोलत नाही आणि मोटारीची चालही बिघडत नाही. अकरा मिलिमीटर जादा रबराने मात्र पावसाळ्यातील दोन-तीन टायरांचा आणि वाकलेल्या रिमचा खर्च वाचू शकतो. लहान रिममध्ये मूळ ब्रेक मावतात की नाही आणि टायर मोटारीचे वजन व वेग पेलण्याच्या क्षमतेचा आहे की नाही, एवढे पाहणे आवश्यक असते. हा बदल दिसायला काहीसा गरीब वाटतो. त्यामुळेच तो अभिरुचीचा मानला जातो.

ब्रेकचेही तसेच आहे. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सैल होऊ लागते. दर्जेदार ब्रेक पॅड आणि साधारण दोन वर्षांनी बदललेले ब्रेक ऑइल हा त्यावरचा स्वस्त उपाय. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाणी मिसळलेले ऑइल उष्णतेने लवकर उकळते, हे अनेक वाहनधारकांना ठाऊकच नसते. लाखभर रुपयांचा सायलेन्सर बसवणारा ग्राहक ब्रेक ऑइलच्या किरकोळ खर्चाला टाळाटाळ करतो, ही गॅरेजवाल्यांची नेहमीची तक्रार आहे.

सस्पेन्शनच्या बाबतीत चूक आणि बरोबर यांतील अंतर सर्वांत धोकादायक ठरते. गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे अडकवून ती उचलण्याचा उपाय रस्तोरस्ती केला जातो. त्याने गाडी दोन सेंटिमीटर उंच होते हे खरे. मात्र स्प्रिंगचा तेवढा भाग कामातून जातो, ती टणक होते आणि शॉक अॅब्सॉर्बर तिला आवरू शकत नाही. खडबडीत वळणावर चाक क्षणभर रस्ता सोडते आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक लागला तर मोटार सरळ घसरत जाते. याउलट स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची एकमेकांशी जुळणारी, चाचणी झालेली जोडी बसवली, तर मोटार मूळच्यापेक्षाही सुरक्षित होऊ शकते. काही उत्पादकांनी यावर मूळ रचनेतच उत्तर शोधले आहे. पोर्शेच्या ९११ या मोटारीत पुढचा भाग बटण दाबताच सुमारे चार सेंटिमीटर उचलण्याची सोय जादा पैसे देऊन मिळते. मात्र ज्याची मोटार अशा सोयीविना आली, त्याला बाजारातील उपायांवरच विसंबावे लागते. चांगली जोडी आणि रबरी ठोकळा यांत भारतीय कायदा काय फरक करतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की, तो जवळजवळ काहीच फरक करीत नाही.

कलम ५२ची भिंत

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ हे या विषयाचे मूळ आहे. २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा आहे की, उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील यांत तफावत पडेल असा कोणताही फेरबदल मालकाने वाहनात करू नये. सीएनजीसारख्या इंधनबदलाच्या संचाला अटींसह सूट देण्यात आली. त्यानंतरही केरळच्या एका प्रकरणात राज्याच्या नियमांचा आधार घेऊन फेरबदलास वाव असल्याचा निर्वाळा तेथील उच्च न्यायालयाने दिला होता. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने तो रद्द ठरवला. राज्यांचे नियम मूळ कायद्याच्या अधीन आहेत आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. रंग बदलणे यासारख्या किरकोळ बाबींना मात्र या बंदीतून वगळले. अर्थात रंगाची नोंद प्रमाणपत्रात असल्याने तो बदलल्यास आरटीओकडे नोंद करावी लागतेच.

निकालाचा हेतू रास्त होता. बसगाड्यांची लांबी वाढवणे, मोटारीचा सांगाडा कापणे असे प्रकार देशभर सर्रास चालत आणि त्यात माणसे दगावत. मात्र खासगी मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रात इंजिनाची क्षमता, आसने, वजन, रंग अशा बाबी असतात. त्यात स्प्रिंग कोणती, ब्रेक पॅड कोणते याचा उल्लेख नसतो. मग ते बदलले तर कलम ५२चा भंग होतो काय? शब्दशः पाहिले तर नाही. उत्पादकाने मान्यतेसाठी सादर केलेल्या नमुन्याशी विसंगती, असा व्यापक अर्थ लावला तर होय. ही संदिग्धता रस्त्यावरील पोलीस किंवा आरटीओ निरीक्षक आपापल्या समजुतीनुसार सोडवतो. अपघातानंतर ती विमा कंपनी आपल्या सोयीने सोडवते. फेरबदल आधी कळवलेला नसेल, तर नुकसानभरपाईचा दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. कळवायला गेले, तर तो कायदेशीर आहे हे दाखवणारा कागद कोठून आणायचा, हा पेच असतो.

२०१९च्या दुरुस्ती कायद्याने शिक्षा मात्र नेमकी केली. कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. या मोजपट्टीवर कर्णकर्कश सायलेन्सर आणि उत्तम प्रतीची स्प्रिंग या दोन्ही वस्तू एकाच किमतीच्या आहेत. ज्या कायद्यात उपद्रव आणि सुधारणा यांचा दंड सारखा असतो, त्या कायद्याविषयी नागरिकाला आदर वाटणे कठीण.

जे दिसते तेच पकडले जाते

अंमलबजावणीचे चित्र पाहिले की, या संदिग्धतेचा परिणाम ध्यानात येतो. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवण्याचा कार्यक्रम राज्यातील अनेक शहरांत झाला आहे. छायाचित्रे छान येतात. त्यातील बहुतेक सायलेन्सर मोटारसायकलींचे असतात. त्याविरुद्ध कारवाई व्हायलाच हवी, यात दुमत नाही. नव्या प्रवासी मोटारीच्या आवाजाची मर्यादा २००५ पासून ७४ डेसिबल आहे आणि ध्वनी किंवा धुराचे मानक मोडल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना रद्द होण्याची तरतूद आहे. मुंबईत किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्यावर तेथे रात्री धावणाऱ्या मोटारींच्या आवाजाने लगतच्या रहिवाशांची झोप उडाली. तेथील सरळ मार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असताना अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनाने आणखी आवाज कशासाठी करावा, याला उत्तर नाही.

तरीही रोडरोलरखाली जाते ती वस्तू आणि कारखान्यातून किंवा दुकानातून येते ती वस्तू, यांत एक साखळी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर, दिल्लीच्या करोल बाग किंवा काश्मिरी गेटच्या बाजारात सुट्या भागांची आणि सजावटीच्या सामानाची दुकाने दिवसाढवळ्या चालतात. त्यांतील बहुसंख्य व्यवहार सचोटीचे आहेत. परंतु कोणता भाग चाचणी झालेला आणि कोणता नकली, हे ओळखण्याची खूण ग्राहकाला उपलब्ध नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने कळीचा म्हणून जाहीर झालेला निकृष्ट भाग विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड करण्याची तरतूद त्याच २०१९च्या दुरुस्तीत आहे. शहरांच्या चौकांत मात्र कारवाई दिसते ती खरेदीदारावर, विक्रेत्यावर क्वचितच.

आणखी एक विपरीत परिणाम होतो. स्प्रिंग, ब्रेक आणि टायरमधील निकृष्टपणा डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. पेट्रोल मोटारीच्या पीयूसी चाचणीत फक्त धूर तपासला जातो, आवाजही नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि तेवढ्या काळात तिच्या ब्रेकची अधिकृत तपासणी एकदाही सक्तीची नाही. म्हणजे रबरी ठोकळ्यांवर उभी असलेली, ब्रेक झिजलेली मोटार पंधरा वर्षे निर्धोकपणे कायदेशीर राहू शकते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. वेगाचा शौक असलेल्यांना आणखी मोकळीक कशासाठी, असा सवाल १९ मे २०२४च्या पहाटेनंतर पुण्यात कोणीही विचारील. कल्याणीनगर येथे भरधाव पोर्शेने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. चालक अल्पवयीन असल्याचे समोर आले आणि मोटारीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. हा संताप पूर्णपणे रास्त आहे. परंतु त्या घटनेतील मोटार विजेवर चालणारी, म्हणजे जवळजवळ निःशब्द होती. तेथे प्रश्न होता तो चालकाच्या वयाचा, पालकांच्या बेजबाबदारपणाचा आणि नोंदणीविना रस्त्यावर आलेल्या वाहनाकडे झालेल्या दुर्लक्षाचा. त्यातील प्रत्येक गोष्टीसाठी कायदा आधीपासून होता. फेरबदलांवरील सरसकट बंदीने त्यातील एकही गोष्ट टळली नसती. उलट, ज्या यंत्रणेने नोंदणी नसलेली मोटार अडवायची, तिचे बळ काचेवरची फिल्म मोजण्यात खर्च होते.

या फिल्मचीही कथा याच धर्तीची आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या काचांवर फिल्म लावण्यास मनाई केली. पुढे नियमांत बदल झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश जात असेल, तर मान्यताप्राप्त फिल्म लावता येईल, असे म्हटले. म्हणजे ‘वस्तूच नको’ यावरून ‘वस्तू चालेल, पण मापात हवी’ या भूमिकेपर्यंत यायला बारा वर्षे लागली. स्प्रिंग आणि ब्रेकच्या बाबतीत तो प्रवास सुरूही झालेला नाही.

जर्मनी आणि जपानचा धडा

मोटारींचे वेड आणि कायद्याची शिस्त एकत्र नांदू शकते, हे पाहण्यासाठी जर्मनीकडे पाहावे. तेथे धोका, धूर किंवा आवाज वाढवणारा फेरबदल केल्यास मोटारीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच बाद होतो. नियम आपल्याहून कडक आहे. मात्र त्याच नियमात सुट्या भागांना मान्यता देण्याची पद्धतही आहे. भाग बनवणारा कारखाना त्याची चाचणी करून घेतो. काही भागांसोबत सर्वसाधारण परवान्याचा कागद मिळतो, तो गाडीत ठेवला की झाले. इतर भाग बसवल्यावर टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तज्ज्ञाला मोटार दाखवावी लागते आणि तो बदल कागदपत्रांत नोंदवला जातो. जपानने १९९५ मध्ये नियम सैल केले, तेव्हाही मापे घालून दिली. ठराविक भाग बदलताना मोटारीची उंची चार, लांबी तीन आणि रुंदी दोन सेंटिमीटरच्या आत बदलली, तर वेगळी मंजुरी लागत नाही. त्यापलीकडे गेल्यास नव्याने तपासणी करावी लागते. दोन्ही देशांत जुन्या खासगी मोटारीची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते, हा या मोकळिकीचा पाया आहे.

भारतात असे करता येणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही. २०१८ मध्ये केंद्राने युरोप किंवा जपानच्या मानकांनुसार मान्यता असलेल्या मोटारी वर्षाला २,५०० पर्यंत भारतातील स्वतंत्र चाचणीविना आयात करण्यास कंपन्यांना मुभा दिली. गोल्फ जीटीआयसारख्या मोटारी आपल्याकडे आल्या त्या याच वाटेने. यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. जर्मनीत तपासलेली अख्खी मोटार आपण डोळे मिटून स्वीकारतो. त्याच मोटारीसाठी त्याच जर्मनीत तपासलेली स्प्रिंग किंवा ब्रेकची चकती मात्र भारतात कोणत्या कागदावर बसवायची, हे सांगायला कोणी नाही.

चाचणीची साधने तर घरातच आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेली ‘एआरएआय’ ही संस्था देशातील बहुतेक सर्व वाहनांच्या चाचण्यांशी कोणत्या ना कोणत्या प्रकारे जोडलेली आहे. मानेसरला ‘आयकॅट’ आहे. महत्त्वाचे म्हणजे कायद्यातील दारही बांधून ठेवलेले आहे. २०१९च्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक परंतुक घातले. वाहनातील फेरबदलांसाठी मानके, मान्यतेच्या अटी आणि अनुषंगिक बाबी ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. असा मान्य फेरबदल केल्यास उत्पादकाची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. मात्र परवानगीच्या वाटेचा वापर आजवर मुख्यतः इंधनबदलाच्या संचांसाठी झाला. दंडाची बाजू अंमलात आली, परवानगीची बाजू कागदावर राहिली.

दार उघडण्याची वेळ

हे दार उघडायचे, तर फेरबदलांची तीन गटांत विभागणी करणे सोपे आहे. पहिला गट मूळ मोटारीच्या अन्य आवृत्तींत उत्पादक स्वतःच देतो त्या मापांच्या टायर-रिमचा आणि समकक्ष ब्रेक पॅडचा. यांना परवानगीची गरजच नसावी. दुसरा गट स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, मोठे ब्रेक यांचा. या भागांवर चाचणी संस्थेचा क्रमांक असावा, ते बसवल्यावर तपासणी व्हावी आणि ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीतील नोंदणी प्रमाणपत्रावर त्याची नोंद यावी. विमा कंपनीला तीच नोंद पुरेशी व्हावी. तिसरा गट आवाज वाढवणारे सायलेन्सर, धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढणे, समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे आणि सांगाडा कापणे यांचा. येथे आजची बंदी कायम राहावी आणि दंड वाढावा. कारवाईची सुरुवात मात्र ग्राहकाऐवजी विक्रेत्यापासून व्हावी. स्वयंचलित तपासणी केंद्रांची नियमावली २०२१ मध्ये आली आहे. फेरबदल केलेल्या खासगी मोटारींना तेथे दर दोन वर्षांनी पाठवणे आणि तेथेच आवाजही मोजणे अशक्य नाही.

यातून सरकारला महसूल मिळेल, सुट्या भागांच्या प्रामाणिक उत्पादकाला बाजार मिळेल आणि पुणे-पिंपरी पट्ट्यातील लघुउद्योगांना त्यात वाटा उचलता येईल. त्याहून मोठा लाभ म्हणजे पोलिसाच्या हाती निश्चित निकष येईल. क्रमांक आहे की नाही, नोंद आहे की नाही, एवढेच त्याने पाहायचे. वाहनधारकाच्या अभिरुचीची परीक्षा रस्त्याच्या कडेला घेण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही, आणि त्या परीक्षेत होणारी देवाणघेवाणही थांबेल.

तोपर्यंत वेगवान मोटार घेऊ इच्छिणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर फारसे रोमहर्षक नाही. खरेदीपूर्वी मोटार आपल्या गल्लीतील सर्वांत वाईट गतिरोधकावरून नेऊन पाहावी. त्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेले टायरचे सर्वांत जाड भिंतीचे माप निवडावे. ब्रेकवर खर्च करावा, सायलेन्सरला हात लावू नये आणि कोणताही बदल केला तर त्याचे बिल जपून ठेवून विमा कंपनीला लेखी कळवावा. इंजिनाची शक्ती वाढवण्याचा मोह तर टाळावाच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही मोटारींसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटरच आहे आणि ती गाठायला कारखान्यातून आलेली शक्ती पुरून उरते.

वेगवान मोटारीचा शौक काहींना पटेल, काहींना पटणार नाही. परंतु ज्या मोटारीवर राज्य लाखो रुपयांचा कर घेते, ती सुरक्षितपणे चालवण्याची वैध वाटही त्याच राज्याने दाखवली पाहिजे. ती नसल्याने आज सायलेन्सर बदलणारा आणि ब्रेक सुधारणारा हे दोघेही कायद्याच्या लेखी एकाच रांगेत उभे आहेत. पहिल्याला दंड होतो तो सर्वांना दिसतो. दुसरा ब्रेक सुधारायचे सोडून देतो, ते मात्र कोणालाच दिसत नाही.